तेरची वीट, दारुत्तर्जुमा आणि मोबाइलवरचे भौतिकशास्त्र

तेरचे नाव निघाले की आधी गोरोबाकाका आठवतात, आणि मग पाण्यावर तरंगणारी वीट. प्राचीन काळी तगर म्हणून रोमन व्यापाऱ्यांनाही ठाऊक असलेल्या या गावात अशा हलक्या विटा मिळाल्या आहेत. यात जादू काही नाही. मातीत भाताचा तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. विटेची घनता दर घनसेंटिमीटरला 1 ग्रॅमपेक्षा खाली आली की ती तरंगते. गोरोबाकाकांच्या गावात मातीचे एवढे ज्ञान असावे, यात नवल कसले!

मराठी शाळेतले मूल या गुणधर्माला 'घनता' म्हणते. उर्दू शाळेतले मूल 'कसाफ़त' म्हणते. पुढे कॉलेजात दोघेही 'डेन्सिटी' म्हणतात, आणि अनेकांची गाडी तिथेच अडते. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हा अडथळा मला रोज दिसतो. आता इंटरनेटवर भौतिकशास्त्राचे भरपूर साहित्य फुकट मिळते, मग भाषेचा प्रश्न कशाला, असे सहकारी विचारतात. उत्तरासाठी आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात डोकवावे लागते.

घनता मोजण्याची विद्या मुसलमानांना नवी नव्हती. अल-बिरूनीने धातू आणि रत्नांची सापेक्ष घनता मोजली होती. अल-खाझिनीने 1121 च्या सुमारास तराजूंवरच 'मिझान-उल-हिकमा' हा ग्रंथ लिहिला. पण ही विद्या अरबीत होती. ती सामान्यांच्या भाषेत आणण्याचा मोठा प्रयत्न झाला हैदराबाद संस्थानात, म्हणजे धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत ज्या संस्थानात होता तिथे.

शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव पडले. त्यांच्याच नावाने 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. तिथे भौतिकशास्त्रही उर्दूतून शिकवायचे ठरले, पण पुस्तकेच नव्हती. त्यासाठी 1917 मध्ये दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतर विभाग काढण्यात आला. मौलवी अब्दुल हक त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या अंजुमन-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय बरीच वर्षे औरंगाबादेत, म्हणजे मराठवाड्यातच होते. विज्ञानाचे नवे शब्द अरबी-फारसीतून घडवायचे की बोलीतले घ्यायचे, यावर तिथे कडाक्याचे वाद झाले. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. इंग्रजांच्या काळात एका भारतीय भाषेतून विद्यापीठात विज्ञान शिकवले गेले, याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण दुसरी बाजूही आपणच सांगायला हवी. त्या वेळी तेरच्या शेतकऱ्याच्या घरात मराठी बोलली जात होती. हैदराबादच्या 'आपल्या भाषेतील विज्ञान' या योजनेत त्याची भाषा नव्हती. त्याच्या मुलाला आधी उर्दू ओलांडावी लागे, मग विज्ञान. मराठीतून शिक्षण मिळावे या तळमळीतून याच जिल्ह्यातल्या हिप्परग्यात 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. 17 सप्टेंबर 1948 नंतर सत्ता बदलली. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले, दारुत्तर्जुमाची पुस्तके कपाटात गेली. भिंत तशीच राहिली, फक्त तिच्यापुढे उभी राहणारी मुले बदलली. आज उर्दू शाळेतली मुलगी तिथे उभी आहे.

आता मोबाइलकडे वळू. अमेरिकेच्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये 'फेट' प्रकल्प सुरू केला. त्यात पडद्यावर वस्तू पाण्यात टाकता येते, तिचे वस्तुमान आणि आकारमान बदलून ती कधी बुडते हे पाहता येते. त्यातल्या अनेक प्रतिकृती उतरवून घेऊन इंटरनेटशिवायही चालतात, हे खेड्यातल्या शाळेला फार सोयीचे. पुण्यात 'आयुका'च्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी आगपेटी, सायकलची ट्यूब, पेनाच्या नळ्या यांतून विज्ञान शिकवणारी खेळणी आणि पुस्तके मोफत खुली केली. त्यांचे चित्रफितींचे काम मराठीतही आहे. सरकारचे 'दीक्षा' आहे, बालभारतीची मराठी आणि उर्दू पाठ्यपुस्तके पीडीएफमध्ये आहेत.

या साऱ्यात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट एकच: फेटच्या प्रतिकृतींचे भाषांतर करण्याची सोय शिक्षकालाही खुली आहे. दारुत्तर्जुमासाठी निजामाचे फर्मान लागले, खजिना लागला. आज शाळेतला एक शिक्षक संध्याकाळी बसून 'घनता' आणि 'कसाफ़त' दोन्ही लिहू शकतो. हे काम वरून येण्याची वाट पाहिली तर पुन्हा तेच होईल: ज्याच्या हाती सत्ता, त्याची भाषा पडद्यावर.

म्हणून उर्दू शाळेतल्या फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहावेत, मराठी शाळेनेही ते ऐकून घ्यावेत. आणि पडद्यावर ठोकळा बुडवण्याआधी मुलांना बादलीभर पाणी, एक साधी वीट आणि एक लाकडाचा तुकडा द्यावा. मग तेरच्या संग्रहालयाची सहल काढावी. वस्तू आधी हाताला कळली की शब्द कुठल्याही भाषेतला असो, तो टिकतो. दारुत्तर्जुमाच्या विद्वानांकडे शब्द पुष्कळ होते. आपल्याकडे शब्दांबरोबर वीटही आहे.