दिल्लीतील ऋतुमानाची ऍलर्जी : परागकण, धूर आणि नैसर्गिक उपाय

होळीच्या सुमारास दिल्लीची हवा सुखद असते. हिवाळ्यातील धुरके विरलेले असते आणि उन्हाळ्याचा दाह अद्याप सुरू झालेला नसतो. मात्र नेमक्या याच दिवसांत राजधानी क्षेत्रातील अनेकांना सकाळी उठताच एकामागून एक शिंका येऊ लागतात, नाकातून पाणी वाहते, डोळे व टाळू खाजू लागते. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक सुधारलेला असताना असे का व्हावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. २०१५ पासून वापरात असलेला हा राष्ट्रीय निर्देशांक सूक्ष्म धूलिकण, ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आदी आठ प्रदूषकांवर आधारलेला आहे. परागकणांची मोजणी त्यात होत नाही. त्यामुळे आकडा समाधानकारक दिसत असतानाही रुग्णाला त्रास होऊ शकतो.

दिल्लीत परागकणांचे दोन मुख्य हंगाम मानले जातात. पहिला फेब्रुवारी ते एप्रिल, तर दुसरा सप्टेंबर ते नोव्हेंबर. दिल्ली विद्यापीठाच्या वल्लभभाई पटेल वक्षरोग संस्थेत या विषयाचा अभ्यास अनेक दशकांपासून होत आला आहे. वसंतात वावळ, तुती, महारुख आणि वेडी बाभूळ यांचे पराग हवेत पसरतात. हिंदीत विलायती कीकर म्हणून ओळखली जाणारी वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातील. नवी दिल्लीच्या उभारणीच्या काळात इंग्रजांनी ती अरवलीच्या रिजवर लावली आणि पुढे तिने तेथील देशी झाडोऱ्याला मागे सारले. पावसाळा सरल्यानंतर गवते, राजगिरा व चाकवताच्या कुळातील तणे आणि एरंड यांची पाळी येते.

काही झाडांवर मात्र विनाकारण ठपका येतो. एप्रिलमध्ये उडणारा काटेसावरीचा कापूस हे बियांभोवतीचे तंतू असतात, पराग नव्हे. ऑक्टोबरमध्ये वसाहतींतून दरवळणाऱ्या सातविणीचे परागीभवनही प्रामुख्याने कीटकांकडून होते. तिच्या उग्र गंधाने संवेदनशील व्यक्तीला, विशेषतः दम्याच्या रुग्णाला, त्रास होऊ शकतो. परंतु गंधाने होणारा क्षोभ आणि परागाची ऍलर्जी या दोन भिन्न गोष्टी आहेत. शरद ऋतूत निदान आणखी कठीण होते. परागाच्या जोडीला पंजाब व हरियाणातील पाचटाचा धूर, दिवाळीचे फटाके आणि थंड, स्थिर हवा असे सारे एकत्र येते. प्रदूषणाने श्वसनमार्गाचे अस्तर आधीच सुजलेले असल्यास थोडे परागकणही अधिक त्रास देतात.

परागातील प्रथिनांना शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते, त्यांच्याविरुद्ध आयजीई ही प्रतिपिंडे तयार करते आणि पुढील संपर्कात हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात. ही संवेदनशीलता निर्माण होण्यास वेळ लागतो. म्हणूनच नोकरीसाठी किंवा स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या व्यक्तीला पहिले एक-दोन वसंत सुखाचे जातात आणि त्रास नंतर सुरू होतो, असेही घडते. ताप नसणे, स्राव पाण्यासारखा असणे, खाज सुटणे आणि लक्षणे कित्येक आठवडे टिकणे या खुणांवरून साधी सर्दी वेगळी ओळखता येते.

नैसर्गिक उपायांमध्ये मिठाच्या पाण्याने नाक धुण्याच्या पद्धतीला तुलनेने चांगला आधार आहे. योगशास्त्रातील नेती ही षट्कर्मांपैकी एक क्रिया. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेने योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर तपासण्याची परंपरा सुरू केली. आधुनिक वैद्यकातही या पद्धतीचा स्वीकार झाला आहे. २०१८ मधील कॉक्रेन आढाव्यात मिठाच्या पाण्याने तीन महिन्यांपर्यंत लक्षणे कमी होऊ शकतात असे आढळले, मात्र उपलब्ध पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही त्यात नमूद होते. पाव लिटर पाण्यात सुमारे सव्वादोन ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा मीठ पुरेसे होते. पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. यात हयगय करू नये. २०११ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात नळाचे पाणी थेट नेतीपात्रात वापरणाऱ्या दोघांचा मेंदूत अमीबाचा संसर्ग होऊन मृत्यू झाला होता. पात्र प्रत्येक वेळी धुऊन कोरडे करावे. कान दुखत असल्यास किंवा नाक पूर्ण बंद असल्यास ही क्रिया टाळावी.

मधाविषयीचा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. स्थानिक मध खाल्ल्याने परागाची सवय होते, असे सांगितले जाते. मधमाश्या बहुतांशी रंगीत, सुगंधी फुलांकडे जातात, तर ऍलर्जी मुख्यतः वाऱ्याने पसरणाऱ्या परागांमुळे होते. त्यामुळे हा तर्क मुळातच लंगडा पडतो आणि त्याला भक्कम संशोधनाचे पाठबळही नाही. एक वर्षाखालील बालकाला तर मध देऊच नये. हळदीतील कर्क्युमिनचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसतो, परंतु ते शरीरात फार कमी शोषले जाते. हळदीचे दूध घेण्यास हरकत नाही. त्याला औषधाची जागा देता येणार नाही. वाफेने क्षणिक बरे वाटते, पण उकळत्या पाण्याच्या भांड्याने मुले भाजल्याच्या घटना घडतात, याचा विसर पडू नये.

आयुर्वेदात शिशिरात साठलेला कफ वसंतातील उष्णतेने पातळ होऊन रोग उत्पन्न करतो, असे मानले आहे. त्या ऋतूत हलका आहार, व्यायाम आणि नस्य सांगितले जाते. नस्य किंवा काढे वैद्याच्या सल्ल्याने घ्यावेत. दिल्लीत सरिता विहार येथे २०१७ मध्ये उद्घाटन झालेल्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत असा सल्ला मिळू शकतो. लेबल नसलेल्या, 'हमखास गुण' देणाऱ्या पुड्या घेणे धोक्याचे आहे. अशा औषधांत स्टेरॉइडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत.

खरा लाभ संपर्क कमी केल्याने होतो, आणि तो बहुधा फुकट असतो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी सकाळी खिडक्या बंद ठेवाव्यात आणि फिरायला पाऊस पडून गेल्यावर जावे. घरी परतल्यावर कपडे बदलावेत, झोपण्यापूर्वी केस धुवावेत, परागाच्या हंगामात अंथरुणे गच्चीवर वाळत घालू नयेत. केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने लादी पुसावी. बहुतेक परागकण २० ते ४० मायक्रॉन आकाराचे असल्याने साधा मास्कही बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. धुरातील सूक्ष्म कणांसाठी मात्र एन-९५ लागतो. एप्रिलमध्ये कूलर सुरू करण्यापूर्वी जुन्या जाळ्या बदलाव्यात, कारण ओलसर गवतात बुरशी वाढते. नोएडा व गुरुग्राममधील नव्या वसाहतींच्या रिकाम्या भूखंडांवर माजणारे गाजर गवत फुलण्यापूर्वीच हातमोजे घालून उपटावे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण त्वचेलाही अपाय करते.

घरगुती उपाय सुरू केले म्हणून दम्याचा इन्हेलर बंद करणे हा सर्वांत गंभीर प्रमाद ठरतो. नाकाच्या ऍलर्जीचे अनेक रुग्ण दम्याचेही रुग्ण असतात. छातीत घरघर, रात्रीचा खोकला किंवा बोलताना धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. दरवर्षी त्रास होत असेल, तर त्वचेवरील चाचणीने कारणीभूत पराग शोधता येतो. त्यानंतर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याच परागाचा अर्क अल्प मात्रेत देऊन शरीराला त्याची सवय लावता येते. हा उपचार साधारणपणे तीन ते पाच वर्षे चालतो.