काळोखात धुतलेली चित्रं

धाटावहून बोलते आहे. आज कर्जाचे हप्ते नाहीत, ऑडिट नाही. आज एका फोटोवरून सुरुवात करते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाने प्रदर्शनात नाचणीचे पापड आणि कुळथाचं पीठ मांडलं होतं. एका वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. खाली व्यासपीठावरच्या सहा पाहुण्यांची नावं, डावीकडून उजवीकडे, पदांसकट. आणि शेवटी, 'सोबत बचत गटाच्या महिला'. आम्ही अकरा जणी होतो. अकरा जणींचं मिळून एकच नाव, 'महिला'. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, तोंडं तरी आली ना, बास झालं." मी कात्रण फाइलला लावलं, पण मनातून ते गेलं नाही.

पुढे मालाच्या कामासाठी मुंबईला जाणं झालं. दादरला पूर्वेकडे बाहेर पडलो, तर रस्त्याला नाव दादासाहेब फाळके मार्ग. शाळेत शिकलेलं आठवलं, भारतीय चित्रपटाचे जनक. ह्याच रस्त्यावरच्या 'मथुरा भवन' बंगल्यात त्यांनी १९१२-१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला. पण त्या बंगल्यात आणखी एक माणूस राबत होतं, ते मात्र मी शाळेत शिकले नव्हते. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. तुमच्यापैकी काहींनी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा सिनेमा टीव्हीवर पाहिला असेल, त्यात त्या दिसतात.

फाळके फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, ते विम्याची पॉलिसी गहाण टाकून. तिथे कामाची पद्धत शिकले, कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेऊन आले. आल्यावर त्यांनी वाटाण्याचं रोप कसं वाढतं याची छोटी फिल्म केली, धनिकांना दाखवली आणि पैसा उभा केला. सरस्वतीबाईंचे दागिनेही त्या कामी आले. इथवर आपल्याला नवल नाही, घरात धंदा सुरू झाला की पहिलं काय गहाण पडतं हे आपण जाणतो. नवल पुढे आहे. भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, ही सगळी कामं सरस्वतीबाई नवऱ्याकडून शिकल्या आणि करू लागल्या.

आज मोबाइलवर बोट ठेवलं की फोटो तयार. तेव्हा तसं नव्हतं, म्हणून हे काम जरा समजून घेऊ. फिल्म म्हणजे लांबलचक पारदर्शक पट्टी. तिच्यावर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा लेप असतो. कॅमेऱ्यात तिच्यावर क्षणभर उजेड पडला की चित्र उमटतं, पण ते डोळ्यांना दिसत नाही. ते दिसण्यासाठी फिल्म अंधारखोलीत रसायनात बुडवायची. जिथे उजेड पडला तिथली चांदी काळी होते. ती वेळेवर बाहेर काढावी लागते, चुलीवरच्या दुधासारखी नजर ठेवून. क्षणभर उशीर झाला तर सगळं काळं, घाई झाली तर फिकं. मग ती हायपोत घालायची, म्हणजे उरलेले क्षार निघून जातात. हायपो चुकला तर उजेडात आणल्यावर चित्र पुन्हा काळं पडतं. शेवटी वाहत्या पाण्यात खूप वेळ धुवायची आणि धूळ बसणार नाही अशी वाळत घालायची. त्यात मुंबईचा उन्हाळा! पाणी कोमट झालं की लेप मऊ होऊन सुटायला लागतो. आणि एवढं करून हाती येतं ते उलटं चित्र, पांढरी साडी काळी आणि काळे केस पांढरे. त्यावरून पुन्हा दुसऱ्या फिल्मवर सुलटी प्रत काढायची.

आता आपल्या सवयीप्रमाणे हिशेब मांडू. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३७०० फूट, म्हणजे एक किलोमीटरहून जास्त. एका फुटात १६ चित्रं, म्हणजे एकूण ५९,२०० चित्रं. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोकं, कारण त्या भोकांत दाते अडकूनच फिल्म पुढे सरकते. गुणाकार केला तर ४,७३,६०० भोकं, तीही एकाच प्रतीची. यंत्र असलं तरी अंधारात ते चालवणारे हात लागतातच. दिवसा चित्रीकरणाला आलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडायचं काम, घरात लहान मुलं, आणि रात्री ही भोकं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी त्यांनाही विचारलं. त्यांनी नकार दिला. बाकीचं सगळं कोण बघणार? शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडं नेसून तारामती केली.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. आज फाळक्यांच्या नावाने देशाचा मोठा पुरस्कार आहे, १९६९ पासून. त्यांची बुद्धी आणि जिद्द मोठीच होती, त्यात वाद नाही. पण अंधारखोलीचं दार बंद असताना आत कोण होतं, हेही माहीत असायला हवं.

त्याच १९१३ साली, डिसेंबरमध्ये, नवसारीला एका पारशी घरात होमाईचा जन्म झाला. ती मुंबईत शिकली, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेली. कॅमेरा शिकली माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, पुढे त्यांच्याशीच लग्न झालं. एका सहलीचे तिने काढलेले फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'ने छापले, फोटोमागे एक रुपया दिला. मग ती साडी नेसून, खांद्याला कॅमेरा लावून शहरभर फिरू लागली. लोकांना वाटायचं, ही हौस म्हणून मिरवतेय. होमाईबाई पुढे सांगत, की त्याचा फायदाच झाला, कोणी अडवत नसे. त्या रोलिफ्लेक्स कॅमेरा वापरत. त्यात एका रिळात बाराच फोटो. कसा आला ते फिल्म धुतल्यावरच कळणार. म्हणून बोट दाबण्याआधी नीट बघावंच लागे.

पण सुरुवातीला त्यांचे फोटो 'इलस्ट्रेटेड वीकली'त छापून येत ते नवऱ्याच्या नावाने. बाईला कोण ओळखतं, बाईचं काम कोण खरं मानतं, म्हणून. पैसे घरातच येत होते, मग नावाचं एवढं काय? हा प्रश्न आपल्या बैठकीतही येतो. माझं उत्तर सांगते. पैसा त्या महिन्यात संपतो. नाव असलं तर पुढचं काम विचारत माणूस आपल्या दारी येतो. होमाईबाई १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या, सायकलवरून सामान वाहत फिरल्या. स्वातंत्र्याचे सोहळे, नेहरू, माउंटबॅटन यांची चित्रं त्यांनी टिपली आणि ती त्यांच्या नावाने ओळखली गेली. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुढच्याच वर्षी, १५ जानेवारी २०१२ रोजी, त्या वारल्या.

एकीचं काम अंधारखोलीतलं, दुसरीचं भररस्त्यातलं. एकीचं नाव शोधून काढावं लागतं, दुसरीचं उशिरा का होईना, छापलं गेलं.

आमच्या गटाने आता ठरवलंय. प्रदर्शनाला जाताना अकरा जणींच्या नावांचा कागद सोबत न्यायचा आणि फोटो काढणाऱ्याच्या हातात द्यायचा. कामाच्या वहीत 'कोणी केलं' असा वेगळा रकाना पाडलाय. पीठ दळून आणणारीचंही नाव त्यात येतं. पहिल्या महिन्यात त्यावरून दोघींचं थोडं वाजलं, तेही चांगलंच झालं.

आणखी एक. माझ्या आजीच्या ट्रंकेत स्टुडिओत काढलेला एक काळा-पांढरा फोटो आहे. पाच बायका, नऊवारीत, कॅमेऱ्याकडे टक लावून बघताहेत. चौघी मला ओळखता येतात. मागे उभी असलेली पाचवी कोण, ते सांगणारी आजी आता नाही. चेहरा अगदी स्वच्छ आहे. कुणीतरी तो नीट धुतला होता, म्हणून इतकी वर्षं टिकला. मागची बाजू मात्र कोरी आहे.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. घरातल्या ट्रंका उघडा. सासूबाई, आत्या, आजी, जी कोणी असेल तिला शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागे नावं लिहा. बॉलपेनने नको, पुढे वळ उठतो. पेन्सिलने, हलक्या हाताने. पुढच्या बैठकीला ते फोटो घेऊन या.