घडवावे, सुधारावे की विकत घ्यावे? : एका रायफलीची हकीकत

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत लष्करी आठवणींना तोटा नाही. कोणाचे पणजोबा पलटणीत जमादार होते, कोणाचे आजोबा दरबारच्या फौजेत होते, तर कोणाचे काका संस्थानी फौजा विलीन झाल्यावर भारतीय सैन्यात गेले. या आठवणींत लढाया असतात, शौर्य असते, मानमरातबही असतो. परंतु ज्या बंदुकीने ती लढाई झाली ती आली कोठून, कोणी घडविली आणि तीच घ्यावी असे कोणी ठरविले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. शस्त्राची गरज पडली की कोणत्याही राज्यापुढे तीन वाटा असतात : स्वतः घडवावे, हाताशी असलेले सुधारून घ्यावे, किंवा दुसऱ्याकडून विकत आणावे. १९६२ नंतर आपल्या देशाने पायदळाच्या शिपायाला अर्धस्वयंचलित रायफल देताना या तिन्ही वाटा धरल्या. त्या निर्णयाचा विचार येथे करावयाचा आहे.

हा प्रश्न आपल्या पूर्वजांनाही चुकलेला नव्हता. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सव्हॉयच्या बेन्वा द बॉयन्यास चाकरीस घेतले आणि त्याच्याकरवी कवायती पलटणी उभ्या केल्या. सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने आग्र्यास त्यांच्यासाठी तोफा ओतल्या. महादजींनी केवळ तयार माल विकत घेतला नाही; कारखाना स्वतःच्या मुलखात उभा केला. १७९० साली पाटण व मेडता येथे त्याचे फळ दिसले. परंतु कारखाना आपला असला तरी कसब परक्यांचे होते. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच शिंद्यांच्या चाकरीतील अनेक युरोपीय अधिकारी निघून गेले आणि खुद्द सेनापती पेराँ इंग्रजांच्या आश्रयास गेला. असईस शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या सैन्याची भयंकर हानी केली, लासवारीस पलटणी शर्थीने झुंजल्या. म्हणजे उणीव तोफांची नव्हती, शिपायांच्या छातीचीही नव्हती. विकत घेतलेले ज्ञान ऐन प्रसंगी उठून गेले होते. पुढील हकीकत वाचताना ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

आता रायफलीकडे वळू. ज्यास आपण 'थ्री नॉट थ्री' म्हणतो ती ली-एनफिल्ड रायफल १९०७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या नमुन्याची. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तिचे उत्पादन होई. मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींपासून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्रात तयार झालेल्या रंगरुटांपर्यंत कित्येक पिढ्यांचा हात हिच्यावर बसला. रायफल भरवशाची, चिखलमातीस दाद न देणारी. मॅगझिनमध्ये दहा काडतुसे. मात्र प्रत्येक बारानंतर शिपायाने हाताने बोल्ट उचलून मागे ओढावा, रिकामे काडतूस बाहेर पडले की पुढे ढकलावा आणि मग पुन्हा नेम धरावा, असा हिचा क्रम. अर्धस्वयंचलित रायफलीत हे काम बारातून निघालेला वायूच करतो. नळीतील थोडा वायू एका दट्ट्यास मागे रेटतो, रिकामे काडतूस फेकले जाते, नवे आत बसते. शिपायाने फक्त पुन्हा चाप ओढावयाचा. वेग वाढतो हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याची नजर लक्ष्यावरून हलत नाही.

जगातील सैन्यांनी हा पल्ला वेगवेगळ्या रीतींनी गाठला. अमेरिकेने घडविण्याची वाट धरली. स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात जॉन गॅरंड यांनी वर्षानुवर्षे खपून तयार केलेली रायफल १९३६ मध्ये स्वीकारली गेली. नव्या, लहान काडतुसाचा प्रस्तावही तेव्हा होता. परंतु जुन्या काडतुसाचे मोठे साठे पडून असल्याने १९३२ मध्ये सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनी जुनेच काडतूस कायम केले. नवे शस्त्र घडवितानाही जुन्या कोठाराचा हिशेब सुटत नाही, तो असा. उलट न्यूझीलंडने सुधारण्याची वाट धरली. १९४१ मध्ये जपानी आक्रमणाचे सावट असताना मशीनगनी मिळेनात, तेव्हा फिलिप चार्लटन या गृहस्थांनी जुन्या ली-मेटफर्ड व ली-एनफिल्ड रायफलींवर वायूची यंत्रणा चढवून त्या स्वयंभरणाच्या केल्या. अशा सुमारे दीड हजार रायफली तयार झाल्या. त्या प्रत्यक्ष युद्धात फारशा कामी आल्या नाहीत, आणि युद्धानंतर साठ्याला आग लागून बहुतेक सगळ्या नष्ट झाल्या. संकटकाळी गळ्यापर्यंत आलेले पाणी ओसरेतो तग धरावयास असे उपाय बरे. त्यांवर सैन्य उभे राहत नाही.

चीनने तिसरीच तऱ्हा केली. सोव्हिएत मैत्रीच्या काळात त्याने अर्धस्वयंचलित कार्बाइनचे आराखडे व तंत्रज्ञ मिळविले आणि १९५६ मध्ये आपल्या कारखान्यांत उत्पादन सुरू केले. १९६० साली मैत्री विटली, सोव्हिएत तंत्रज्ञ परत गेले. पण तोवर कारखाने चालू झाले होते. १८०३ मध्ये शिंद्यांच्या वाट्यास आले त्याच्या नेमके उलट हे घडले. माणसे गेली, ज्ञान राहिले.

याच शस्त्रांची गाठ २० ऑक्टोबर १९६२ रोजी आपल्या जवानांच्या थ्री नॉट थ्रीशी पडली. रायफल जुनी होती म्हणून आपण हरलो, असे त्या पिढीतील पुष्कळ लोक सांगत. आम्हांस हे पूर्णपणे पटत नाही. उंचीची सवय नसलेल्या तुकड्या, अपुरे गरम कपडे, रस्त्यांचा अभाव, रसदीची ओढाताण आणि वरच्या पातळीवरील चुकीचे अंदाज ही कारणे रायफलीहून कितीतरी जड होती. रेझांग-ला येथे जवानांनी अखेरच्या गोळीपर्यंत खिंड लढविली, हेही विसरता येत नाही. तथापि एक दोष शिल्लक राहतोच. नव्या रायफलीची गरज आधीच जाणवू लागली होती. निर्णय मात्र लांबला होता. शांततेच्या काळात तीन वाटांपैकी एक विचारपूर्वक निवडता येते. संकट दाराशी आल्यावर निवडीला वेळच उरत नाही.

झालेही तसेच. युद्धबंदीच्या दिवशी, २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपद स्वीकारले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे तेव्हा घरोघरी म्हटले गेले. पुढच्या काळात रायफलीच्या बाबतीत तिन्ही वाटांनी एकदमच चालावे लागले.

पहिली वाट खरेदीची. ऐन युद्धात ब्रिटन व अमेरिका यांनी पायदळाची शस्त्रे आणि दारूगोळा विमानांनी पाठविला. पण साऱ्या पायदळाची गरज परक्याच्या विमानांवर कायमची सोपविता येत नाही.

दुसरी वाट सुधारणेची. जगात तेव्हा ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाचा प्रसार झाला होता आणि आपणही ते घेण्याचे ठरविले होते. पुरेशा नव्या रायफली हाती येईपर्यंत काय करावे? इशापूरच्या कारागिरांनी जुन्या ली-एनफिल्डचाच आराखडा नव्या काडतुसास अनुरूप केला. पुष्कळांची समजूत आहे की या जुन्या रायफली कापून-सांधून केल्या. ती बरोबर नाही. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून अधिक मजबूत पोलाद वापरून त्या नव्यानेच घडविल्या. मॅगझिन बारा काडतुसांचे झाले. पुढील नमुन्यात नेम धरण्याची पट्टी दोन हजारांवरून आठशे मीटरवर आणली गेली. दोन हजार मीटरवर एकट्या शिपायाने नेम धरावा, ही कल्पनाच जुन्या काळाची होती. हीच इशापूर टू-ए आणि टू-ए-वन रायफल.

तिसरी वाट घडविण्याची, आणि खरा पेच तिच्यात होता. बेल्जियममधील एर्स्ताल येथील एफ.एन. कंपनीची 'फाल' रायफल तेव्हा जगभर नावाजलेली होती. दिउदोने सेव्ह हे तिचे रचनाकार. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांनी परवाना घेऊन ती आपापल्या देशात बनविली होती. भारतानेही बोलणी केली. अटी मान्य होण्याजोग्या न वाटल्याने ती फिसकटली. मग १९५८ मध्ये पुण्यास स्थापन झालेल्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेकडे काम आले. तेथील तंत्रज्ञांनी हाती असलेल्या नमुन्यांचे सुटे भाग मोजून, पारखून आपले आराखडे काढले. बेल्जियन रायफल मिलिमीटरात आखलेली, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन इंचांत; आपल्या रायफलीत दोहोंची वैशिष्ट्ये आली, त्यामुळे तिचे सगळेच भाग कोणत्याही एकीशी बिनचूक जुळत नाहीत. इशापूरला उत्पादन सुरू झाले आणि १९६६ मध्ये स्थापन झालेला तिरुचिरापल्लीचा कारखानाही पुढे या कामास लागला. जवानांच्या तोंडी तिचे नाव 'एसएलआर' असे रूढ झाले. बेल्जियन कंपनीने हरकत घेतली, ती तिच्याकडूनच काही शस्त्रखरेदी करून मिटवावी लागली. म्हणजे खरेदी टाळण्यासाठी घडविले, आणि घडविल्यामुळे पुन्हा खरेदी करावी लागली.

परवान्याविना नक्कल करणे योग्य होते का? आम्ही या प्रश्नास बगल देऊ इच्छित नाही. दुसऱ्याच्या बुद्धीचे मोल असते, ते देणेच न्याय्य. परंतु हिवाळा संपून खिंडी पुन्हा उघडण्याच्या आत सैन्य सज्ज करावयाचे होते, हेही तितकेच खरे. १९७१ च्या युद्धात एसएलआर आपल्या पायदळाचे मुख्य शस्त्र होते आणि तिने आपले काम चोख बजावले. आमच्या मते या व्यवहारातील खरी त्रुटी वेगळीच होती. मोजून काढलेल्या आराखड्यातून 'कसे करावे' हे शिकता येते. 'असेच का करावे' हे शिकता येत नाही. हे दुसरे ज्ञान स्वतः चुका करीतच मिळवावे लागते. पुण्याच्याच संस्थेने पुढे रचलेली इन्सास रायफल सैन्यात आली, तेव्हा १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिची मॅगझिने तडकल्याच्या तक्रारी आल्या. त्या तक्रारींमुळे स्वदेशी प्रयत्न व्यर्थ ठरत नाही. शिकण्याचे जे मोल आधी चुकविले नव्हते, ते उशिरा चुकते झाले इतकेच.

निर्णय लांबण्याची किंमत रणांगणाबाहेरही मोजावी लागते. सैन्याने उतरविलेली थ्री नॉट थ्री पोलिसांच्या हाती राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांसमोर काही पोलिसांजवळ हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी, म्हणजे १९०७ नंतर ११३ वर्षांनी.

आणि तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहिलाच. २०१९ मध्ये अमेरिकेकडून ७२,४०० सिग रायफली थेट विकत घेण्याचा करार झाला. रशियन रचनेची एके-२०३ अमेठीजवळ कोरवा येथे संयुक्त कारखान्यात घडविण्याचे ठरले. डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक रायफलींचा करार झाला आणि २०२४ पर्यंत ३५,००० सैन्यास मिळाल्या. तातडीची गरज खरेदीने भागवावी, मोठी गरज आपल्या मुलखातील कारखान्याने, हे धोरण आम्हांस योग्य वाटते. मात्र या कारखान्याची कसोटी किती रायफली निघाल्या यावर लागणार नाही. उद्या परके तंत्रज्ञ परत गेले, तर त्यांच्यामागे कारखाना चालतो की थांबतो, यावर ती लागेल. १८०३ आणि १९६० ही दोन्ही उत्तरे आपल्यापुढे आहेत.

अखेरीस एक बारीकशी गोष्ट. एसएलआरच्या लाकडी दस्त्याला मागे जी पोलादी पाटी आहे, ती जुन्या थ्री नॉट थ्रीचीच. तिच्यातील झाकणाआड तेलाची कुपी आणि नळी साफ करण्याची दोरी ठेवावयाची सोयही तीच. रचना बेल्जियमची, मोजमाप पुण्याचे, घडण इशापूरची आणि खांद्याला टेकणारी पाटी आजोबांच्या रायफलीची. आपल्यापैकी ज्यांच्या घरी निवृत्त जवान असतील, त्यांनी ही पाटी त्यांना आठवते का ते अवश्य विचारावे आणि जे सांगतील ते लिहून ठेवावे.