वेबसाइट कशावर उभारायची? गायब झालेल्या एका प्रोग्रामरची गोष्ट

“मला वेबसाइट काढायचीये, कशावर काढू?” असं विचारणारे बहुतेक जण आधी थीम बघतात, मग दर. आज मी तुम्हाला तिसरा एक प्रश्न देणार आहे. त्यासाठी आपल्याला 2001 मध्ये जावं लागेल.

त्याआधी, सीएमएस म्हणजे काय? मजकूर एकीकडे, सजावट दुसरीकडे. तुम्ही ब्राउझरमध्ये लिहायचं, बटण दाबायचं, पान तयार. पूर्वी प्रत्येक पानाचं एचटीएमएल हाताने लिहून सर्व्हरवर चढवावं लागायचं.

तर 2001 मध्ये मिशेल वाल्द्रिगी नावाच्या प्रोग्रामरने ‘बी2’ हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर बनवलं. पुढच्या वर्षाअखेरीस त्याचं काम थांबलं आणि तो काही महिने कुणाला सापडेना. आता त्यावर ब्लॉग चालवणाऱ्यांनी काय करायचं?

अमेरिकेत ह्यूस्टनला मॅट मलनवेग हा 19 वर्षांचा विद्यार्थी बी2 वापरत होता. त्याने जानेवारी 2003 मध्ये हीच अडचण मांडली: दुसरं काही निवडू, की यालाच पुढे नेऊ? बी2 जीपीएल परवान्याखाली होतं. म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. फक्त पुढच्यालाही तोच हक्क द्यावा. इंग्लंडमधून माइक लिटल म्हणाला, मी येतो सोबत. 27 मे 2003 ला दोघांची पहिली आवृत्ती आली. नाव होतं वर्डप्रेस.

पण तेव्हा दबदबा ‘मूव्हेबल टाइप’चा होता. बेन आणि मीना ट्रॉट या जोडप्याचं हे सॉफ्टवेअर उत्तम होतं आणि वैयक्तिक वापराला फुकट होतं. मे 2004 मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि नियम बदलले. फुकटात एकच लेखक, तीनच ब्लॉग. त्यापुढे पैसे मोजा. कंपनीने पैसे मागणं काही गुन्हा नाही हो! पण लोकांना एकदम कळलं की ‘फुकट’ वेगळं आणि ‘मुक्त’ वेगळं. बरेच जण बाडबिस्तारा उचलून वर्डप्रेसवर आले. मूव्हेबल टाइपनेही 2007 मध्ये जीपीएल आवृत्ती काढली, पण तोवर गाडी सुटली होती.

गंमत बघा. एकीकडे बनवणाराच गायब झाला, तरी काम टिकलं. दुसरीकडे कंपनी धडधाकट होती, तरी लोकांना घर बदलावं लागलं.

आणि ज्यांच्याकडे कोडही नव्हता, स्वतःचा पत्ताही नव्हता, त्यांचं काय? जिओसिटीजवर लाखो लोकांनी पानं बनवली होती. ऑक्टोबर 2009 मध्ये याहूने ती सेवा अमेरिकेत बंद केली. काही हौशी मंडळींनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून घेतलं. बाकीचं गेलं.

तर तिसरा प्रश्न हा: उद्या हे बंद पडलं किंवा नियम बदलले, तर मी काय घेऊन बाहेर पडेन?

तयार सेवा घेतलीत तरी चालेल. अपडेट आणि बॅकअपची कटकट तिथे कमी असते. फक्त डोमेन स्वतःच्या नावावर ठेवा. आणि सगळा मजकूर एक्सपोर्ट होतो का, हे पहिल्याच आठवड्यात करून बघा. पाच पोस्ट असताना बघा, पाचशे झाल्यावर नको.

भेटू पुढच्या भागात!