पोनोचा न ऐकू येणारा फरक

गायक नील यंगने २०१४च्या मार्चमध्ये ‘पोनो’ हा संगीत-प्लेअर मांडला आणि किकस्टार्टरवर ६० लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. त्याच्या आतलं सर्किट कोलोरॅडोतल्या ‘एअर’ कंपनीच्या चार्ल्स हॅन्सन यांचं.

त्यांचं म्हणणं असं: नेहमीच्या प्लेअरच्या तीव्र फिल्टरमुळे आघाताच्या आधीच बारीक कंप उमटतो, जो निसर्गात नसतो, आमच्या फिल्टरने तो घालवलाय. आलेख बघा, अगदी खरं आहे. पण तो कंप असतो सीडीच्या बाबतीत २२ किलोहर्ट्झच्या आसपास! तरुण कानाचीही धाव २० पर्यंतच. माझ्या साठी उलटलेल्या कानांचं तर बोलायलाच नको. जो आवाज पोचतच नाही, तो काढल्याचं श्रेय कसलं?

पोनोवरच्या २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाइल्सचंही तेच. सीडीचे १६ बिट सुमारे ९६ डेसिबलची व्याप्ती देतात. घरातल्या पंख्याच्या घरघरीत तीही वाया जाते. मुक्त ऑडिओ-फॉरमॅट बनवणाऱ्या ‘झिफ’ संस्थेच्या क्रिस माँटगोमेरीने पोनोच्या दोन वर्षं आधीच हे सविस्तर लिहिलं होतं: उलट, श्राव्यातीत लहरी ॲम्प्लिफायरमध्ये एकमेकींत मिसळून ऐकू येणारी विकृती निर्माण करू शकतात.

तरी काहींना पोनो गोड लागला, त्यात नवल नाही. गाण्याचं मास्टरिंग वेगळं असलं, आवाज किंचित मोठा असला, की फरक जाणवतोच. त्याला फिल्टर लागत नाही. २०१७ मध्ये यंगने पोनो गुंडाळला.