तिकीट दिल्लीचं, पेढे आमचे

अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे पक्षाचे मतदार राज्याराज्यांत मतं देऊन ठरवतात. आमच्या पिंप्राळ्यात ते काम पारावर होतं. निकाल तेवढा दिल्लीत लागतो! २००७ साली राष्ट्रपतिपदासाठी शिवराज पाटील, सुशीलकुमार शिंदे, करणसिंह अशी नावं चालली होती. पारावर प्रत्येकाला एका चहात निवडून आणलं नि दुसऱ्यात पाडलं. १४ जूनला नाव आलं ते प्रतिभाताई पाटलांचं! जो तो म्हणे, "मी म्हनतच होतो!"

१९६२ साली जळगावकरांनीच मतं देऊन ताईंना आमदार केलं होतं. या खेपेला त्यांना ना तिकिटाचं कुणी विचारलं, ना मताचं. राष्ट्रपती निवडणार आमदार-खासदार. आमच्या वाट्याला पेढे. तेही, अर्थात, आम्हीच आणायचे!