वेग आवरण्याची विद्या

चाकण म्हटले की आमच्यासारख्या मास्तराला आधी १६६० सालचा वेढा आठवतो. शाइस्तेखानाची अफाट फौज फिरंगोजी नरसाळ्याने तेथल्या भुईकोटाच्या आधारे जवळजवळ दोन महिने थोपवून धरली होती. आज त्याच चाकणात मोटारी आणि मोटारसायकली बनतात, आणि त्यांना थोपवणारे ब्रेकही बनतात. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप याच पट्ट्यात कामाला. तेव्हा ब्रेकचा इतिहास शिकायला मला फार लांब जावे लागले नाही.

निमित्त झाले एका जुन्या मोटारीचे. चिंचवडच्या एका गॅरेजात १९५७ सालची एम.जी.ए. उभी होती. दोनच माणसांची, बुटकी, नाकाडी, शर्यतीच्या घाटाची गाडी. मालक हौशी. गाडी बोरघाटातून मुंबईला न्यायची म्हणत होते. पण चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक.

“मिस्त्री, नव्या गाड्यांना असतात तशा मोठ्या लाल डिस्क बसवून टाका,” मालक म्हणाले.

“साहेब, बसवीन. पण मग चाक कुठं बसवू?” मिस्त्रींनी विचारले.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबडे. त्याच्या आतून दोन शू बाहेर दाबले जातात आणि घर्षणाने चाक थांबते. सपाटीवर हे उत्तम. पण खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे पाचशे मीटर उतरायचे, म्हणजे गाडीच्या वजनाने मिळवलेली सारी ताकद उष्णता होऊन त्या बंद डबड्यात कोंडते. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून दूर सरकतो. लायनर गुळगुळीत होतो. पाय खाली खाली जातो. त्यातून ब्रेक ऑइल जुने असेल तर संपलेच. ते हवेतले पाणी शोषते, मग लवकर उकळते, आणि वाफ दाबली की नुसतीच दबते! इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवून घाट उतरावा, ही जुन्या ड्रायव्हरांची शिस्त यातूनच आली.

ही अडचण मोटारीच्या जन्मापासूनची. १८८८ साली बेर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याच्या मोटारीने मानहाइमहून माहेरी फोर्त्झहाइमला निघाली. उतारावर ब्रेकचे लाकूड झिजू लागले, तेव्हा तिने वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. जगातली पहिली ब्रेकसुधारणा माहेरच्या ओढीने झाली म्हणा ना! चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची, ही कल्पना इंग्लंडातल्या लँचेस्टरने १९०२ सालीच पेटंट केली. पण धातूवर धातू घासून असा किंचाळा उठे की ती मागे पडली. विमानांच्या चाकांनी तिला पुन्हा वर काढले. १९५३ साली ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार कंपनीने आपल्या गाड्यांना डनलॉपच्या डिस्क लावल्या. प्रतिस्पर्धी वळणाच्या पुष्कळ अलीकडे ब्रेक दाबत. जॅग्वारचे चालक आणखी पुढे जाऊन दाबत. रोल्ट आणि हॅमिल्टन जिंकले, आणि त्या शर्यतीत प्रथमच ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी पडली. चकती उघड्या वाऱ्यात थंड होते, आणि फुगली तरी चिमट्याकडेच फुगते.

इटलीतल्या बेर्गामोजवळ १९६१ साली ब्रेंबो नावाचे एक छोटे वर्कशॉप निघाले. कंपनी आपली जन्मकथा सांगते ती अशी, की इंग्लंडहून आलेल्या डिस्कचा ट्रक अपघातात सापडला, नुकसान झालेल्या डिस्क दुरुस्तीला तेथे आल्या, आणि आपणही हे करू शकू असे त्या मंडळींना वाटले. १९७५ पासून त्यांचे ब्रेक फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांना लागले. त्याच कंपनीचा कारखाना आज चाकणला आहे. बजाजने २००१ साली आणलेल्या पल्सरने पुढच्या चाकाची डिस्क आमच्या गल्लीबोळात आणली. २००७ च्या २२० मध्ये मागच्या चाकालाही ती आली.

असो. मिस्त्रींनी मालकांना समोर बसवले. ब्रेक लागताच वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकांना जोर जास्त हवा. पण मागची चाके आधी अडकली तर गाडीचे शेपूट फिरते. ड्रमचा एक शू फिरत्या चाकाबरोबर स्वतःच ओढला जातो. डिस्कला ती मदत नाही, म्हणून पाय जड लागतो. मास्टर सिलिंडर तेवढे तेल ढकलील का, तेही पाहायला हवे. नुसती चकती विकत घेऊन भागत नाही.

मार्ग त्याच गाडीच्या इतिहासात सापडला. १९५९ साली कंपनीनेच एम.जी.ए. १६०० ला पुढे डिस्क आणि मागे ड्रम दिले होते. तोच जोड बसवायचा ठरला. लाल रंगाचा हट्ट सुटला. नळ्या नव्या, ऑइल नवे. काढलेले पुढचे ड्रम मालक भंगारात द्यायला निघाले होते. मिस्त्रींनी ते पुसून, ग्रीस लावून, गोणपाटात बांधले आणि गाडीच्याच डिकीत ठेवले.